गॉनरिल आणि रीगन: बदनामी रास्त, पण कुठून पुढे?

प्रश्न असा आहे. बडोद्यातलं एक मराठी मंडळ शेक्सपिअरचं ‘राजा लिअर’ बसवत आहे. म्हातारा राजा मुलींत राज्य वाटतो, धाकट्या कॉर्डेलियाला हाकलतो, थोरल्या गॉनरिलला आणि मधल्या रीगनला सगळं देतो, आणि पुढे या दोघी त्यालाच दाराबाहेर ठेवतात, ते हे नाटक. गॉनरिल करणाऱ्या ताईंना दिग्दर्शकांनी सांगितलंय की पहिल्या प्रवेशापासूनच प्रेक्षकांना या बाईची चीड आली पाहिजे. ताईंना मात्र संहिता वाचताना तिचं बरंचसं म्हणणं पटतं. मग चारशे वर्षं या दोघी बहिणींना मिळालेल्या शिव्या रास्त आहेत का, आणि भूमिका कुठून धरायची?

ताई, शिव्या रास्त आहेत, पण त्या मुदतीआधी सुरू होतात. पहिल्या अंकात या दोघी जे करतात त्यात दोष थोडा आहे आणि कारणं पुष्कळ आहेत. दुसऱ्या अंकाच्या अखेरीला वादळाच्या आवाजात दार बंद होतं, तिथे पारडं फिरतं. तिसऱ्या अंकाच्या सातव्या प्रवेशानंतर बचावाला काही उरत नाही. तुमच्या दिग्दर्शकांची चूक एवढीच की ते शेवटचा निकाल पहिल्या प्रवेशात वाचून दाखवायला सांगत आहेत. तसं केलं की पुढचे चार अंक नटीला चढायला पायरीच राहत नाही.

माझ्यावर सगळ्यात जास्त प्रेम कुणाचं, असं लिअर दरबारात मुलींना विचारतो, त्या परीक्षेपासून सुरू करू. ‘खोटं गोड बोलून राज्य लाटलं’ हा पहिला आरोप. संहिता नीट वाचा. पडदा उघडतो तेव्हा केंट आणि ग्लॉस्टर हे राजाचे दोन सरदार बोलत असतात ते वाटणीबद्दलच. गॉनरिलचा नवरा ऑल्बनी आणि रीगनचा नवरा कॉर्नवॉल या दोन्ही जावयांचे हिस्से इतके तोलून काढलेत की राजाला कोण जास्त आवडतो ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे वाटणी आधीच झाली आहे, दरबारातली परीक्षा हा नुसता सोहळा आहे. गॉनरिलचं बोलणं संपताच लिअर तिचा हिस्सा नकाशावर दाखवून मोकळा होतो, रीगनचं ऐकायच्याही आधी. स्पर्धा असती तर दोघींचं ऐकून निकाल दिला असता. आणि कॉर्डेलियासाठी सगळ्यात संपन्न तुकडा बाजूला काढून ठेवलाय, हे तो तिला तोंडावर सांगतो.

ऐंशी ओलांडलेला बाप, भरला दरबार, ‘थोरली आहेस, तू आधी बोल’ अशी आज्ञा. त्या जागी गॉनरिल जे बोलते ते दरबारी भाषण आहे. ते पोकळ आहे, पण गुन्हा नाही. इथे एक उपयोगी तुलना आहे. शेक्सपिअरच्या हाताशी याच कथेवरचं एक जुनं इंग्रजी नाटक होतं, १६०५ साली छापलेलं. त्यात परीक्षेची बातमी दोघी थोरल्या बहिणींना आधीच फुटते, त्या ठरवून तयारीने येतात आणि पुढे बापाचा खून करवण्याच्याही मागे लागतात. शेक्सपिअरने ती आगाऊ बातमी काढून टाकली. त्याच्या बहिणींना प्रश्न आपल्यासोबतच कळतो. म्हणून पहिल्या भाषणाच्या आधी एक क्षणाचा थांबा घ्या. ती शब्द शोधते आहे, हे दिसू द्या. पाठ केलेलं म्हटल्यासारखं म्हणालात तर तुम्ही १६०५चं नाटक करताय.

त्याच प्रवेशाच्या शेवटी दोघी एकट्या उरतात आणि पद्यातून गद्यात येतात. हा बदल अनुवादातही ऐकू आला पाहिजे, आवाज खाली आणि वेग जास्त. त्या म्हणतात काय? बापाचं धाकटीवर सगळ्यात जास्त प्रेम होतं, तिलाच त्याने असं हाकललं, मग आपलं काय होणार. रीगन म्हणते, वय झालंय, पण तसं स्वतःला तो कधीच नीट ओळखत नव्हता. हे निदान अचूक आहे, संपूर्ण नाटक त्याची साक्ष देतं. कारस्थान म्हणून हा संवाद कुजबुजत करायची पद्धत आहे. मला ती चुकीची वाटते. दोन लग्न झालेल्या मुली, म्हाताऱ्या हट्टी बापाचं पुढे कसं करायचं याची काळजी करतात, असाच तो करावा. फरक शेवटच्या दोन वाक्यांत आहे: रीगन ‘पुढे विचार करू’ म्हणते, गॉनरिल ‘आत्ताच, तवा तापलेला असताना काहीतरी केलं पाहिजे’ म्हणते. दोघींच्या स्वभावाची चावी इथे आहे.

आता शंभर स्वार. राज्य दिलं तरी राजा हे नाव, मान आणि शंभर स्वारांचा लवाजमा लिअर स्वतःकडे ठेवतो. आळीपाळीने एकेक महिना मुलींकडे राहायचं आणि लवाजम्याचा खर्च मुलींनी सोसायचा, अशी अट. बडोद्याच्या मराठी माणसाला खानगी खातं, पागा, मानकरी हे शब्द परके नाहीत, तेव्हा हा हिशेब घालून बघा. माणशी दिवसाला दोन्ही वेळचं मिळून अर्धा किलो धान्य धरलं तर शंभरांना ५० किलो, महिन्याला १५ क्विंटल. घोड्याला रोज आठेक किलो कोरडा चारा धरा, शंभर घोड्यांना दिवसाला ८०० किलो, महिन्याला २४ टन. मांस, मद्य, सरपण, मोतद्दार वेगळे. वर ही सगळी हत्यारबंद माणसं, आणि हुकूम मानणार पाहुण्याचा, घरधनिणीचा नाही. हा आकडा तालमीत एकदा मोठ्याने म्हणा. गॉनरिलच्या तक्रारीत राग कुठून येतो ते अंगात उतरेल.

पण तक्रार खरी आहे का? इथे शेक्सपिअर मुद्दाम पुरावा देत नाही. गॉनरिल म्हणते, माझ्या वाड्याची खाणावळ आणि कुंटणखाना झालाय. लिअर म्हणतो, माझी माणसं निवडक आणि कर्तव्यदक्ष आहेत. रंगमंचावर जो स्वार बोलतो तो अदबीने बोलतो. दुसरीकडे, विदूषकाला रागावल्याबद्दल लिअरने तिच्या माणसाला मारलेलं आहे, तिचा कारभारी ऑस्वल्ड याला तो आपल्या डोळ्यांदेखत मारतो, आणि वेष पालटून लिअरच्या चाकरीत आलेला केंट ऑस्वल्डला पायात पाय घालून पाडतो. निकाल प्रयोगाने लावायचा असतो. इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनी १९६२ साली पॉल स्कोफिल्डना लिअर म्हणून घेऊन हे नाटक केलं तेव्हा स्वारांना खरोखर दंगेखोर दाखवलं. लिअर जेवणाचं टेबल उलथतो आणि स्वार हाती लागेल ते फेकतात. त्या एका निर्णयाने गॉनरिलची बाजू भक्कम झाली. तुमच्याकडे स्वारांसाठी पाच-सहा मुलं असतील. तेवढी पुरतात. चौथ्या प्रवेशाच्या सुरुवातीला शिकारीहून परतल्याची शिंगं वाजतात. ती विंगेतून वाजवा, सगळे एकदम चिखलाच्या बुटांनी आत या, आणि गॉनरिल येईपर्यंत त्यांतल्या दोघांना तिच्या बैठकीवर पाय पसरून बसू द्या. बाकीची नव्वद आवाजाने भरून काढता येतात. सहा मुलं रांगेत सावधान उभी केलीत तर मात्र प्रेक्षक तिला खोटारडी समजणारच, मग तुम्ही कितीही जीव ओता.

तरीही याच अंकात गॉनरिलचा पहिला खरा दोष आहे आणि तो झाकू नका. तिसऱ्या प्रवेशात ती ऑस्वल्डला सांगते की राजाशी मुद्दाम हेळसांडीने वागा, इतर नोकरांनाही तसं सांगा, भांडण पेटलं तर बरंच. तक्रार खरी असेल तर बापाशी समोरासमोर बोलता आलं असतं. ती त्याऐवजी नोकरांकरवी अपमान घडवून आणते. माझ्या मते ही तिची सगळ्यात मानवी आणि सगळ्यात घातक सवय आहे: तोंडाने भांडण टाळायचं आणि परिस्थिती अशी रचायची की भांडणाचा दोष समोरच्यावर जावा.

आता पुढच्या, चौथ्या प्रवेशात लिअरने काय केलं तेही मोजा. गॉनरिल म्हणते, लवाजमा थोडा कमी करा. अजून आकडा नाही. एवढ्यावर तो तिला वांझपणाचा शाप देतो, झालंच तर छळणारं मूल व्हावं म्हणतो. नवऱ्यासमोर, नोकरांसमोर. गॉनरिलला नाटकात मूल नाही. शाप दिल्यावर तो बाहेर जातो, परत येतो, तेव्हा आपल्याला कळतं की पंधरवड्याच्या आत पन्नास माणसं एका झटक्यात कमी झाली. आधी शाप, मग आकडा, हा क्रम प्रेक्षकाच्या लक्षात राहिला पाहिजे. शाप चालू असताना गॉनरिलने छद्मी हसायचं, हे बऱ्याच प्रयोगांत दिसतं. कृपा करून टाळा. हलू नका, पापणीही नको. पुढच्या चार अंकांतला थंडपणा इथे गोठतो.

इथे संहितेचा एक महत्त्वाचा पेच सांगायला हवा, कारण तुमची भूमिका त्यावर बदलते. ‘लिअर’ची एक संहिता नाही. १६०८ची लहान आकाराची छापील प्रत, क्वार्टो, आणि १६२३च्या संग्रहातली फोलिओ. क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत आणि फोलिओतल्या १०० च्या आसपास क्वार्टोत नाहीत. या फरकात दोन वेगळ्या गॉनरिल आहेत. ऑस्वल्डशी बोलताना बापाला ती ‘म्हातारे मूर्ख पुन्हा पोरं होतात’ अशा अर्थाचं हिणवते, ते फक्त क्वार्टोत आहे. भांडणाचं निमित्त आपणच पैदा करणार, ही उघड कबुलीही फक्त क्वार्टोत. उलट, शंभर हत्यारबंद माणसं एका लहरी म्हाताऱ्याच्या हाती ठेवणं धोक्याचं का आहे, हे ऑल्बनीला समजावणारं तिचं भाषण फक्त फोलिओत आहे. रीगन दुसऱ्या अंकात बहिणीची बाजू मांडते त्या ओळीही फोलिओतल्याच. चौथ्या अंकात ऑल्बनी दोघींना ‘मुली नव्हेत, वाघिणी’ म्हणून झोडपतो ते क्वार्टोत, आणि खोपटात लिअर मुलींवर खटला चालवतो तेही क्वार्टोत.

म्हणजे फोलिओत बहिणींना वकील मिळतो आणि क्वार्टोत फिर्यादी. आपल्या हाती येणाऱ्या बहुतेक आवृत्त्यांत दोन्ही एकत्र केलेल्या असतात. त्यामुळे प्रयोग अडीच-तीन तासांत बसवण्यासाठी दिग्दर्शक कात्री लावतो तेव्हा तो नकळत न्यायाधीश होतो. स्वारांच्या धोक्याचं ते फोलिओतलं भाषण कृतीहीन दिसतं, म्हणून त्यावर कात्री लवकर चालते. शिव्यांच्या ओळी चटकदार, त्या राहतात. विंदा करंदीकरांचा १९७४चा अनुवाद घ्या किंवा दुसरा, कापाकापीला बसताना टीपा असलेली एक इंग्रजी आवृत्ती शेजारी ठेवा. तिच्यात कुठली ओळ कुठल्या प्रतीतली ते खुणेने दाखवलेलं असतं. निदान ते एक भाषण वाचवा.

रीगनकडे येऊ. लोक दोघींना एकाच साच्यात घालतात, ही त्यांच्या बदनामीतली मोठी चूक आहे. गॉनरिल आरंभ करते, रीगन चढवते. संहितेत याचा ठसा फार स्पष्ट आहे. केंटला खोड्यात अडकवताना कॉर्नवॉल म्हणतो दुपारपर्यंत, रीगन म्हणते रात्रीपर्यंत, आणि सगळी रात्र. गॉनरिल पन्नास म्हणते, रीगन पंचवीस. गॉनरिल ‘पंचवीस, दहा, पाच तरी कशाला’ म्हणते, रीगन ‘एक तरी कशाला’. कॉर्नवॉल ग्लॉस्टरचा एक डोळा काढतो, रीगन म्हणते दुसराही काढा, नाहीतर एक दुसऱ्याला हसेल. दर वेळी समोर कुणीतरी आकडा टाकलेला असतो आणि ती त्यावर बोली लावते. एकटीने तिने काही सुरू केलंय असं फार थोडं सापडतं. रीगन करणाऱ्या नटीने म्हणून या प्रत्येक ओळीच्या आधी नवऱ्याकडे किंवा बहिणीकडे बघावं. तिला कुणाच्या तरी पुढे एक पाऊल असायचंय. धाकटीसारखी लाडकी नाही, थोरलीसारखा अधिकार नाही, अशी मधली मुलगी म्हणून मी तिला वाचतो. तसं लेखकाने कुठे लिहिलेलं नाही, पण नटीला ते वाचन उपयोगी पडतं.

त्या लिलावात लिअरचाही वाटा विसरू नका. रीगनने पंचवीस म्हटल्यावर तो गॉनरिलकडे वळून म्हणतो, तुझे पन्नास म्हणजे पंचविसाची दुप्पट, म्हणजे तुझं प्रेमही दुप्पट. प्रेम मापाने मोजायची सवय मुलींना कुठून लागली, याचं उत्तर या एका ओळीत आहे. काही वेळापूर्वी जिला शाप दिला तिच्याकडे तो हिशेब करून परत जातो. प्रेक्षकांत इथे हसू फुटलं तर थांबवू नका.

मग बचाव कुठे संपतो? ग्लॉस्टरच्या वाड्याच्या अंगणात, दुसऱ्या अंकाच्या शेवटी. फोलिओच्या रंगसूचनेप्रमाणे वादळाचा आवाज लिअर अजून रंगमंचावर असतानाच येतो. तो बाहेर पडल्यावर कॉर्नवॉल म्हणतो, आत चला, वादळ होणार. रीगन म्हणते, वाडा लहान आहे, म्हातारा आणि त्याची माणसं मावणार नाहीत. गॉनरिल म्हणते, त्याची चूक, भोगू दे. दोघीही म्हणतात, एकट्याला ठेवून घेऊ, पण एकही माणूस नको. इथवरही हट्टाला हट्ट म्हणता येतं. पण ग्लॉस्टर परत येऊन सांगतो, रात्र पडतेय, वारा सुटलाय, कित्येक मैल आडोशाला झुडूपसुद्धा नाही. हे ऐकून दार लावलं जातं. पहिल्या अंकातल्या सगळ्या गोष्टी अंदाजाने, रागाने, भीतीने केलेल्या. ही माहिती असताना केलेली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला आडोसा नाही हे कळल्यावर खर्च, शिस्त, सुरक्षितता ही कारणं गळून पडतात, कारण एका रात्रीच्या निवाऱ्याला त्यांतलं एकही लागू होत नाही.

तिसऱ्या अंकाच्या सातव्या प्रवेशाबद्दल थोडक्यात. ग्लॉस्टरने लिअरला मदत केल्याचं उघड झालेलं असतं. रीगन म्हणते त्याला ताबडतोब फाशी द्या, गॉनरिल म्हणते डोळे उपटा. कल्पना गॉनरिलची, पण प्रत्यक्ष कृत्याच्या वेळी कॉर्नवॉलने तिला ग्लॉस्टरचा अनौरस मुलगा एडमंड याच्यासोबत पाठवून दिलेलं असतं. रीगन थांबते, ग्लॉस्टरची दाढी उपटते, आणि नवऱ्यावर उलटलेल्या नोकराला क्वार्टोच्या रंगसूचनेनुसार तलवार घेऊन मागून मारते. हे सगळं ती स्वतःच्या हाताने करते, म्हणून क्रौर्यात रीगन पुढे. गॉनरिलचं शेवटचं पाप दूरवरचं आहे पण जास्त मोठं. कॉर्डेलियाला कोठडीत फाशी देण्याचा हुकूम एडमंड आणि गॉनरिल दोघांच्या नावाने गेलेला असतो, हे एडमंड मरताना ऑल्बनीला सांगतो. बहिणीला विष घालून स्वतः सुरीने जीव देण्याआधी तिने दुसऱ्या बहिणीचाही निकाल लावलेला आहे. ‘लहानपणापासून दुर्लक्षित मुली’ म्हणून दोघींना पूर्ण सोडवणारे काही आधुनिक प्रयोग हा हुकूम घाईत उरकतात. तेही अन्यायाचंच.

एडमंडबद्दल लोक उदार असतात, कारण त्याला स्वगतं मिळाली आहेत. पहिल्याच प्रवेशात बाप त्याच्या देखत त्याच्या जन्मावरून विनोद करतो, तेव्हा आपण त्याच्या बाजूला जातो. बहिणींना लेखकाने अशी मोठी स्वगतं दिलेली नाहीत. त्या काय विचार करतात ते आपल्याला त्यांच्या तोंडून एकांतात ऐकायला मिळत नाही. बदनामीतला बराच भाग या मौनामुळे आहे, आणि तो भरून काढायचं काम नटीचं.

मराठी प्रेक्षकाबद्दल एक सावधगिरी. तो लिअरकडे बहुधा १९७०च्या ‘नटसम्राट’मधून येतो. तिथे कॉर्डेलिया नाही, पण बापाच्या शेजारी कावेरी आहे. लिअरची राणी मेलेली आहे, तिच्या थडग्याचा एकदा उल्लेख येतो, बस्स. त्यामुळे आपला प्रेक्षक लिअरला आप्पासाहेबांचं दुःख आणि गॉनरिलला घरातल्या सुनेचा चेहरा आपसूक चढवतो. डोळे पुसायची तयारी करूनच तो नाट्यगृहात येतो. पहिल्या अंकात लिअरला मायाळू म्हातारा करू नका. तो घाबरवणारा राजा असेल तरच मुलींची भीती खरी वाटेल.

तालमीचा क्रम मी असा ठेवेन. आधी तुमच्या ओळी तीन रंगांच्या पेन्सिलींनी वेगळ्या करा: ती काय करते, ती स्वतःच्या कृतीचं काय कारण देते, दुसरे तिला काय म्हणतात. तिसऱ्या रंगाच्या ओळी पहिले आठ दिवस वाचूच नका, ऑल्बनीच्या शिव्या तर नाहीच. मग दुसऱ्या अंकाचा शेवट सगळ्यांत आधी उभा करा, पहिला अंक त्यानंतर. कुठे पोचायचंय ते अंगाला कळलं की सुरुवातीला किती राखून ठेवायचं ते सांगावं लागत नाही.

दाराचं तंत्र दिग्दर्शकांशी आत्ताच बोलून घ्या. ढगांचा गडगडाट आणि ग्लॉस्टरचं झुडपाचं वाक्य एकावर एक येऊन वाक्य बुडतं, ही हमखास होणारी चूक. वादळाचा आवाज त्याच्या वाक्याआधी अर्ध्यावर आणा, वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, मग दोन सेकंद काहीही नको. त्या दोन सेकंदांत गॉनरिलने दाराकडे बघायचं. नंतर रीगनचा उपदेश, की हट्टी माणसाला त्याने ओढवून घेतलेली दुखणीच शिकवतात, आणि तिचा हुकूम, दारं लावा. कॉर्नवॉल ‘माझी रीगन बरोबर सांगते’ म्हणतो. अडसर त्याच्या या वाक्यानंतर पडला पाहिजे, खऱ्या लाकडाचा, ध्वनिफितीवरचा नव्हे. आणि तो पडेपर्यंत गॉनरिलने तोंड फिरवायचं नाही.